सहा पायांचा रोबो: घरी बांधला, आठ महिने चालवला

जूनमधल्या एका रविवारी, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, आमच्या हॉलच्या फरशीवर हा रोबो पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभा राहिला. आता फेब्रुवारी संपत आलाय. मधल्या काळात तो आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी तरी चालला, दोनदा पूर्ण खोलला गेला आणि घरात त्याचं ‘खेकडा’ हे नाव पक्कं झालं. रोबो बांधून झाल्याच्या आनंदात लिहिलेलं पुष्कळ वाचायला मिळतं. आठ महिन्यांनी त्यातलं काय टिकतं आणि काय झिजतं, हे मला हवं होतं तेव्हा सापडलं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

आधी यंत्र काय आहे ते सांगते. सहा पाय, प्रत्येक पायात तीन सांधे, म्हणजे १८ सर्व्हो मोटरी (सांगितलेल्या कोनापर्यंत वळून तिथेच थांबणाऱ्या). सांध्यांना किड्यांच्या पायाचीच नावं आहेत: अंगाला लागून पाय पुढे-मागे नेणारा कॉक्सा, पाय उचलणारा फीमर आणि गुडघ्याखालचा टिबिया. माझ्याकडे त्यांची लांबी अनुक्रमे ४, ७ आणि ११ सेंमी आहे. सर्व्हो एमजी९९६आर या नंबरचे, धातूच्या गिअरचे. एक ५५ ग्रॅमचा, म्हणजे नुसत्या मोटरीच ९९० ग्रॅम. मेंदू म्हणून ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड, सर्व्होंना सिग्नल द्यायला पीसीए९६८५ चे दोन बोर्ड (एका बोर्डाला १६ च मोटरी जोडता येतात) आणि तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. फोनवरून वायफायने चालतो.

इलेक्ट्रॉनिक्सचा बराचसा माल पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणला. अंगाच्या दोन प्लेटा ॲक्रिलिकच्या पाट्या करणाऱ्याकडून लेझरने कापून घेतल्या. ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट इथे कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये वाकवून मिळाले. तिथल्या मिस्त्रींनी कागदावरचं चित्र पाहून पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, मोटरीच्या दुसऱ्या बाजूला बेअरिंग कुठाय? एकाच बाजूनं धरलं तर खुट्टा झिजणार.” त्यांच्या सांगण्यावरून मी प्रत्येक फीमरला मागच्या बाजूने छोटं बेअरिंग घातलं. आठ महिन्यांनंतर मागे वळून पाहताना वाटतं, सगळ्या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा सल्ला तोच होता. खर्च, बदललेल्या मोटरी धरून, वीस हजारांच्या थोडा वर गेला.

आता मुख्य गोष्ट. पहिले दोन महिने तो तीन-चार पावलं टाकायचा आणि मधला एक पाय दुमडून एका अंगाला बसायचा. मी रोज कोड तपासत होते. चूक कोडमध्ये नव्हतीच, वजनात होती.

सहा पायांचे रोबो साधारण जसे चालतात तसाच माझाही चालतो: तीन पाय जमिनीवर, तीन हवेत, मग अदलाबदल. झुरळ पळतं तेही असंच. जमिनीवरच्या तिघांत एका बाजूचे पुढचा आणि मागचा असतात, दुसऱ्या बाजूचा एकटा मधला. म्हणजे त्या बाजूचा सगळा भार, एकूण वजनाच्या जवळजवळ निम्मा, मधल्या पायावर येतो. माझा रोबो तेव्हा २.४ किलोचा होता, म्हणजे त्या एका पायावर १.२ किलो. पाऊल फीमरच्या सांध्यापासून आडवं ९.५ सेंमी लांब पडत होतं. गुणाकार केला तर ११.४ किलो-सेंमी, हा त्या सांध्यावर येणारा पीळ. या सर्व्होची ताकद ६ व्होल्टला ११ किलो-सेंमी सांगितली जाते, आणि तीही मोटर जागीच अडकून राहते त्या क्षणाची. हा हिशोब मी भाजीच्या पिशवीवर मांडला. उत्तर आलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि दोन महिन्यांचं कोडं तिथे सुटलं.

मग ५ मिमीच्या ॲक्रिलिक प्लेटा काढून ३ मिमीच्या केल्या. ५००० एमएएचची बॅटरी काढून २२०० ची घेतली. वजन २ किलोवर आलं. टिबिया बाहेर तिरका पडायचा, तो अगदी उभा केला, त्यामुळे पाऊल सांध्यापासून ७ सेंमीवर आलं. आता मधल्या पायाला ७ किलो-सेंमी पेलावे लागतात. त्या दिवसानंतर खेकडा एकदाही बसलेला नाही. तुम्ही बांधणार असाल तर पहिला स्क्रू घेण्याआधी हा गुणाकार करा, आणि उत्तर मोटरीच्या सांगितलेल्या ताकदीच्या दोन तृतीयांशाच्या आत ठेवा. निम्म्यात बसलं तर फारच उत्तम.

दुसरी मोठी बाब विजेची. एक सर्व्हो अडकला की ६ व्होल्टला अडीच अँपियरपर्यंत ओढतो. अठरा गुणिले अडीच म्हणजे ४५. प्रत्यक्षात सगळे एकदम अडकत नाहीत. माझा रोबो उभा असताना ३ अँपियरच्या आसपास घेतो, चालताना ७. पण बसल्या जागेवरून उठताना अठराच्या अठरा मोटरी एकाच क्षणी जोर लावतात. सुरुवातीला मी ५ अँपियरचा एकच बक कन्व्हर्टर (बॅटरीचं व्होल्टेज मोटरींना हवं तेवढं खाली आणणारा) लावला होता. उठायची आज्ञा दिली की व्होल्टेज खाली यायचं, ईएसपी३२ रीसेट व्हायचा, रोबो धपकन खाली. पुन्हा उठायचा प्रयत्न, पुन्हा रीसेट.

उपाय तीन केले. डाव्या नऊ आणि उजव्या नऊ मोटरींना २० अँपियरचे दोन वेगळे कन्व्हर्टर दिले. ईएसपी३२ ला तिसरा, छोटा, स्वतंत्र. ग्राउंड, म्हणजे ऋण बाजूची तार, मात्र सगळ्यांची एक. आणि उठताना पाय एकदम न हलवता जोडीजोडीने हलवले. मोटरींचा करंट पीसीए९६८५ च्या बोर्डावरून नेऊ नका. त्या बोर्डाच्या पट्ट्या एवढ्या ओझ्यासाठी नाहीत. मी जाड तांब्याची तार वेगळ्या पट्टीवर सोल्डर करून तिथून सगळ्यांना वीज दिली, बोर्डाकडे फक्त सिग्नल ठेवला. त्यानंतर रीसेटचा त्रास संपला.

पाय जुळवण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण मला ते फार आवडलं. सर्व्होच्या दांड्याला २५ दाते असतात, म्हणजे त्यावर बसणारा हॉर्न (पाय जोडायची छोटी दांडी) एक दाता सरकवला की १४.४ अंशांचा फरक. नेमका ९० अंशांवर हॉर्न बसणं जवळजवळ अशक्य, उरलेला फरक कोडमध्ये भरावा लागतो, प्रत्येक मोटरीसाठी वेगळा. त्यात एक खाच आहे. पीसीए९६८५ चं आतलं घड्याळ २५ मेगाहर्ट्झचं म्हणतात, पण प्रत्येक बोर्डाचं थोडं पुढे-मागे असतं. दोन बोर्डांना एकच आकडा पाठवला तरी डावे आणि उजवे पाय दोन-तीन अंशांनी वेगळे थांबायचे. बोर्डागणिक तो आकडा दुरुस्त केल्यावर अंग सपाट झालं. मी प्लेटवर सुताराची पाणसळ ठेवून पाहते, अजूनही महिन्यातून एकदा.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे पायाच्या हिशोबाबद्दल थोडं जास्त लिहिते. पाऊल अमुक बिंदूवर हवं असेल तर तीन सांधे किती वळवायचे, हा प्रश्न. कॉक्साचा कोन वरून पाहिला की लगेच निघतो. उरतो एक त्रिकोण: एक बाजू फीमर ७, दुसरी टिबिया ११, तिसरी सांध्यापासून पावलापर्यंतचं अंतर. तीन बाजू माहीत, कोन काढा. हा तर कोसाइनचा नियम! अंतर १३ सेंमी धरलं तर गुडघ्याचा कोन जवळजवळ ९० अंश येतो, आणि खेकडा उभा राहतो तो याच कोनात. दरवर्षी फळ्यावर लिहिलेलं सूत्र सेकंदाला पन्नास वेळा, सहा पायांसाठी, माझ्या समोर फरशीवर सोडवलं जात होतं. पहिल्यांदा पाऊल मी सांगितलेल्या बिंदूवर टेकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर मी तो एक पाय वर्गात नेला. एका मुलीने विचारलं, “मॅडम, अंतर १८ पेक्षा जास्त दिलं तर?” तर त्रिकोणच होत नाही, कोसाइन उणे एकच्या खाली जातं, आणि कोड गोंधळतं. मी घरी जाऊन ती अट कोडमध्ये घातली. तोपर्यंत ती राहूनच गेली होती.

आता झीज. १८ पैकी पाच सर्व्हो बदलले: चार फीमरचे, एक टिबियाचा, कॉक्साचा एकही नाही. हेच अपेक्षित आहे, कारण भार फीमरवर येतो. त्या चारपैकी तीन वजन कमी करण्याआधीच्या काळात गेले. खराब होण्याची खूण म्हणजे थरथर. पाय स्थिर ठेवला तरी मोटर बारीक कुरकुरत राहते, हाताला गरम लागते. असा सर्व्हो वेळीच काढावा, नाहीतर तो करंट खात राहतो आणि बॅटरी विनाकारण उतरते. जवळ नेहमी तीन जास्तीचे ठेवा.

स्क्रू सैल होतात, हा या यंत्राचा कायमचा स्वभाव. साधे नट काढून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) लावल्यावर फरक पडला. वायरी कॉक्साजवळ वाकून वाकून तुटतात, म्हणून तिथे लांबी थोडी जास्त ठेवून सैल वळण द्यावं. पावसाळ्यात कनेक्टरच्या पिनांवर काळपट थर आला आणि एक पाय मधेच मरगळायचा. पिना साफ करून पुन्हा दाबून बसवल्या की ठीक.

फरशीवर पाय घसरायचे. सायकलच्या ट्यूबचे तुकडे पावलांना बांधले, आणि काम भागलं.

चालीच्या पद्धती तीन ठेवल्या आहेत. तीन-तीन पायांची चाल वेगवान. एकेक पाय उचलण्याची चाल संथ, पण पाच पाय जमिनीवर असल्याने सतरंजीच्या कडेवरून किंवा पुस्तकावरून तो न डगमगता जातो. तिसरी या दोन्हींच्या मधली; ती मी फारशी वापरत नाही. आवाज मात्र तिन्हींत आहे. आईच्या दुपारच्या झोपेत खेकडा चालवायचा नाही, हा घरचा नियम आहे आणि तो रास्त आहे.

बॅटरीबद्दल हयगय करू नका. लिपो प्रत्येक सेलला ४.२ व्होल्टच्या वर कधीच जाऊ देऊ नये, आणि मी ३.४ च्या खाली उतरू देत नाही. बॅलन्स प्लगला (प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगळं मोजता येतं ती जोडणी) छोटा अलार्म लावलाय, तो वाजला की थांबायचं. सलग चालवला तर वीस-बावीस मिनिटं मिळतात. चार्जिंग गॅलरीतल्या कडप्प्यावर, मी समोर बसलेली असतानाच. आठवडाभर वापरायची नसेल तर सेल ३.८ व्होल्टवर ठेवून द्यायचे. भाच्याला सगळं हाताळू देते, बॅटरी नाही.

अठरा मोटरींची छाती होत नसेल तर बारावर थांबा. रॉडनी ब्रूक्स यांच्या प्रयोगशाळेत, एमआयटीत, १९८० च्या दशकाच्या शेवटी झालेला ‘चंगेज’ हा सहा पायांचा रोबो बारा मोटरींवरच चालायचा, पायाला दोन, आणि खडबडीत जागेवरूनही जायचा. काहीही बांधा, पण आधी एकच पाय बांधा. तो टेबलाला शिकंजाने धरा, त्याला एक किलोचं वजन उचलायला लावा आणि पंधरा मिनिटं हलवत ठेवा. मोटर हाताला किती गरम लागते ते पाहा. मी हे केलं असतं तर ५ मिमीच्या प्लेटा कापून घ्यायची वेळ आली नसती.

सध्या त्याची अडचण अंगणात आहे. पाऊल जमिनीला टेकलं की नाही हे त्याला कळत नाही, त्यामुळे खड्ड्यात पाय हवेतच राहतो आणि अंग कलतं. म्हणून पुढच्या डाव्या पावलात एक मायक्रोस्विच, म्हणजे हलक्या दाबाने लागणारं छोटं बटण, बसवलाय. परवा त्या एका पायाने तुळशीवृंदावनाच्या पायरीखालची चीर चाचपली, तळ लागेपर्यंत खाली गेला आणि थांबला. उरलेल्या पाच पायांचे स्विच आणून ठेवले आहेत.