“कॅम्बर आउट आहे साहेब”

जुनी गाडी अलाइनमेंटला (चाकांचे कोन मोजून जुळवायला) नेली आणि गाडीखालच्या पिटमधून “साहेब, कॅम्बर आउट आहे”, म्हणजे समोरून पाहता चाकाचा आत-बाहेरचा कल मर्यादेबाहेर आहे, असा आवाज आला, की पाकिटाला हात घालण्याआधी मशीनच्या स्क्रीनवर सगळ्यात वर गाडीचं मॉडेल कुठलं टाकलंय ते वाचा. माझ्या मारुती ८०० च्या प्रिंटवर दुसऱ्याच कंपनीच्या सेडानचं नाव होतं. त्या एका ओळीच्या जोरावर दुकानदाराने अलाइनमेंटचे ३५० तर घेतलेच, वर दोन चाकांच्या कॅम्बरचे १,२०० आणि ‘मागच्या सेटिंग’चे ४०० लावले. एवढ्या पैशांत गाडीचा एकही नट हललेला नव्हता. हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. नटांवर खुणा केलेल्या होत्या, म्हणून म्हणतोय.

गाडी २००८ ची. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओतून फेरनोंदणी करून मुदत पाच वर्षं वाढवून घेतली, ग्रीन टॅक्स भरला. एवढ्या जुन्या गाडीत काहीही बिघडलेलं असू शकतं असं ज्याला त्याला वाटतं, आणि काही दुकानांचा धंदा याच समजुतीवर चालतो.

पावसाळा संपता संपता पुण्यातल्या रस्त्यांनी आपलं काम चोख केलं होतं. खड्ड्यात चाक गेलं की पुढून खडखड, ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. जॅकवर चढवून चाक वर-खाली धरून हलवलं तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट ढिला, आडवं धरून हलवलं तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) ढिला. आणि स्टॅबिलायझर बारच्या टोकांचे बुश, म्हणजे रबरी अस्तरं, तर फाटून गेलेले. ८०० मध्ये हा बार दोन कामं करतो. वळणावर गाडी कलू देत नाही, शिवाय लोअर आर्मला पुढे-मागे सरकू न देता धरूनही ठेवतो. त्याचे बुश गेले की ब्रेक दाबताच चाक किंचित मागे सरकतं आणि गाडी एका बाजूला खेचते. याच तक्रारीवर ब्रेकच्या कॅलिपरपासून टायरपर्यंत सगळं बदलून झालेल्या आणि तरीही ओढणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. बुश बिचारे काही रुपयांचे, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

नाना पेठेतून दोन लोअर आर्म, टाय रॉड एंडची जोडी आणि बुश आणले. (पक्कं बिल मागितलं की भाव थोडा चढतो. चढू द्या, पार्ट डुप्लिकेट निघाला तर तेच हातात असतं.) सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर उचलली आणि खाली स्टँड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, हे सांगायची गरज नसावी, पण रस्त्यावर रोज दिसतं म्हणून सांगतो.

काम अवघड नाही, चिवट आहे. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं. जुना टाय रॉड एंड काढताना किती फेरे सुटला ते मोजलं आणि नवा तेवढेच फेरे आत घातला. एवढ्यावर गाडी दुकानापर्यंत नीट जाते, अलाइनमेंट होत नाही, कारण नवा एंड जुन्याच्या लांबीचा तंतोतंत नसतो. बुशातून जाणारे बोल्ट आधी हाताला लागतील तेवढेच कसले आणि चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पडल्यावर मग पुरे आवळले. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेतच राहतं आणि लवकर फाटतं. कित्येक गॅरेजमध्ये हे पाळलं जात नाही. स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉकअप मिळून होणाऱ्या खांबाचं) माउंटिंग मात्र घराजवळच्या मेकॅनिककडून बदलून घेतलं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाताची बोटं मोजायला उरत नाहीत, आणि माझ्याकडे स्प्रिंग कॉम्प्रेसर नाही.

सगळं आवळून झाल्यावर मुलीची लाल नेलपॉलिश घेतली आणि प्रत्येक नटावरून शेजारच्या धातूवर जाईल अशी एक बारीक रेघ ओढली. टाय रॉडचे लॉक नट, स्ट्रटला चाकाच्या नकलशी (चाक ज्यावर बसतं त्या धातूच्या भागाशी) जोडणारे बोल्ट, स्टॅबिलायझरचे नट, कुठलाच सोडला नाही. हेतू साधा होता : महिन्याभराने काही ढिलं झालंय का ते पान्याशिवाय कळावं. नट जरासा जरी फिरला तरी वाळलेली पॉलिश सांध्यावर तडकते.

मोजमापंही लिहून ठेवली. जमीन सपाट आहे हे पाण्याच्या लेव्हल पाइपने आधी पाहून घेतलं. टो, म्हणजे वरून पाहता चाकं पुढून किती आत-बाहेर वळलीत, ते बघायला गाडीच्या दोन्ही बाजूंनी समांतर दोऱ्या ताणल्या आणि रिमच्या पुढच्या कडेपासून आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजलं. कॅम्बर बघायला गवंड्याचा ओळंबा. चाकासमोर सोडायचा, रिमची वरची कड आणि खालची कड दोरीपासून किती लांब ते पट्टीने बघायचं. ८०० च्या बारा इंची रिमची कडेपासून कडेपर्यंत लांबी साधारण ३३ सेंटिमीटर. तेवढ्या अंतरावर एक मिलिमीटर फरक म्हणजे सुमारे दहा मिनिटं, म्हणजे अंशाचा सहावा भाग. माझ्या मोजणीत दोन्ही चाकांचा कॅम्बर दोन मिलिमीटर, म्हणजे वीसेक मिनिटं. टो डावीकडे आणि उजवीकडे सारखा नव्हता, त्यामुळे सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरा वाकडं राहत होतं. त्यासाठीच दुकान गाठलं. टो नेमका लावायला मशीन बरंच.

दुकान चकाचक. काचेची केबिन, एसी, चहा. “कस्टमरला पिटजवळ सोडत नाही, इन्शुरन्सचा प्रॉब्लेम होतो,” असं सांगून मला आत बसवलं. थोड्या वेळाने पोरगा रंगीत प्रिंट घेऊन आला. पुढचे दोन्ही कॅम्बर लाल, टो लाल, मागच्या चाकांचेही दोन आकडे लाल. “कॅम्बर आउट आहे साहेब. असाच ठेवला तर नवे टायर तीन महिन्यांत जातील.” काचेतून बघितलं तर गाडीखाली हायड्रॉलिकचं कसलंसं अवजार नेलं, दोन-चार ठोक्यांचे आवाज आले, आणि दुसरी प्रिंट आली. सगळं हिरवंगार. पैसे दिले, पावती घेतली, निघालो.

मुख्य रस्त्याला लागताच स्टिअरिंग पूर्वीइतकंच वाकडं.

घरी येऊन बॅटरी लावून खाली पाहिलं. टाय रॉडच्या लॉक नटांवरची नेलपॉलिश अखंड, धुळीसकट. लॉक नट ढिला केल्याशिवाय या गाडीत टो बदलताच येत नाही, म्हणजे ज्या कामाला गेलो होतो तेच झालेलं नव्हतं. स्ट्रटचे बोल्टही तसेच. पण कॅम्बर अवजाराने दाबून वाकवला असता तर बोल्टवरच्या खुणा मोडल्या नसत्या, म्हणून पुन्हा ओळंबा सोडला. दोन मिलिमीटर. आधी होता तेवढाच.

मग दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून वाचल्या. पहिल्यावर उजव्या चाकाचा कॅम्बर ०°२०′, दुसऱ्यावरही ०°२०′. डावा तोच, टो तोच. बदलला होता तो शेजारचा मर्यादेचा रकाना. पहिल्या प्रिंटच्या डोक्यावर सेडानचं मॉडेल, दुसऱ्याच्या डोक्यावर माझी ८००, आणि तिथे टोची मर्यादा इतकी सैल करून टाकलेली की वाकडा टोही हिरव्यात बसला. रक्ताच्या रिपोर्टवर मोठ्या माणसाच्या आकड्यांशेजारी तान्ह्या बाळाची नॉर्मल रेंज छापली तर कोणीही आजारी ठरेल, त्यातलाच प्रकार. मशीन खरं बोलत होतं. त्याचा आकडा आणि माझा ओळंबा अगदी जुळत होते. पण गिऱ्हाईक आकडा वाचत नाही, रंग बघतं, आणि रंग ठरवणारा रकाना दुकानदाराच्या हातात असतो.

कास्टरची, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या पुढे-मागे कलाची, गंमत वेगळीच. तो मोजायला पुढची चाकं दोन्ही बाजूंना ठरावीक अंश वळवून मशीनला दाखवावी लागतात. केबिनमधून मला माझ्या गाडीचं स्टिअरिंग स्पष्ट दिसत होतं आणि ते एकदाही वळलं नाही. तरी प्रिंटवर कास्टर हजर! आधीच्या गाडीचा उरलेला असावा.

आणि ते ‘मागचं सेटिंग’. ८०० ला मागे एकसंध एक्सल आहे. तिथे पाना लावून टो किंवा कॅम्बर बदलायची सोयच नाही. पुढेही फक्त टो बदलतो. कॅम्बर आणि कास्टर पार्टांच्या घडणीतच ठरलेले असतात. ते मर्यादेबाहेर गेले तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय असा अर्थ, आणि ते शोधून बदलायचं असतं. हायड्रॉलिकने दाबून कॅम्बर ‘काढतात’ तेव्हा खरं तर स्ट्रट नाहीतर नकल वाकवतात. स्ट्रट वाकला की आतला रॉड एका बाजूने घासतो, सील जातं, तेल गळतं, आणि मग तोच दुकानदार “शॉकअप गेलाय साहेब” म्हणायला मोकळा. माझ्या बाबतीत त्यांनी नुसते ठोक्यांचे आवाज काढले याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

दोन्ही प्रिंट घेऊन परत गेलो. मालक गोड बोलणारा. “काका, मशीन कॉम्प्युटराइज्ड आहे, आकडे आम्ही थोडेच लिहितो?”

“आकड्यांबद्दल तक्रारच नाही माझी. दोन्ही कागदांवर आकडे तेच आहेत. मधल्या वेळात बाराशे रुपयांचं काम कशाचं झालं, तेवढं सांगा.”

मग पोराकडून मॉडेल चुकून पडलं असेल, नवीन आहे, वगैरे. गाडी परत पिटवर घ्या आणि लॉक नट कुठला ढिला केला ते दाखवा म्हटल्यावर त्याने गल्ला उघडला. १,६०० परत दिले. ३५० दिले नाहीत, “मशीन तर लावलं ना काका.” वर दोन्ही प्रिंट मागितल्या. त्या मी खिशात घातल्या.

पावतीवर नुसतं ‘टायर वर्क’ आणि खाली एक बेरीज होती, ना जीएसटी नंबर ना कामाचा तपशील. अशा पावतीवर तक्रार करता येते, पण काय काम सांगितलं होतं हे सिद्ध करायची पंचाईत होते. म्हणून पैसे देण्याआधी ‘पुढचा कॅम्बर, दोन चाकं, इतके रुपये’ असं लिहूनच मागायचं. खोटं काम लिहून द्यायला बहुतेकांचा हात थांबतो आणि बिल तिथल्या तिथे कमी होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही.

टो शेवटी एका जुनाट शेडमधल्या दुकानात लावून घेतला. तिथल्या मिस्त्रीने मला खाली पिटमध्येच उभं केलं. त्याने आधी हवा तपासली, चाकांवर क्लॅम्प बसवून प्रत्येक चाक उचलून फिरवलं आणि रिमचा डोल मशीनला दाखवला, स्टिअरिंग सरळ करून अडकवलं, मगच पाना उचलला. डाव्या लॉक नटावरची नेलपॉलिश तडकताना मी स्वतः पाहिली. कॅम्बर विचारला तर म्हणाला, “चांगला आहे की. कशाला हात लावायचा?”

जुन्या दोन प्रिंटचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. आणखी दोघा-तिघांनी त्याच दुकानातल्या आपापल्या प्रिंट कपाटातून काढून पाहिल्या. तिसऱ्या मजल्यावरच्यांची गाडी सँट्रो आहे, त्यांनीही कॅम्बरचे पैसे भरलेत. त्यांच्या लाल प्रिंटवर मॉडेल त्याच सेडानचं.