रेवस ते रेडी मोटरसायकलने: रस्त्याला सात गुण, जंगलजेटीला नऊ

स्वप्नातल्या सफरींची यादी काढायला बसलं की मोटरसायकलवाले आधी लडाख लिहितात, मग स्पिती, मग अरुणाचल. कोकण किनारा यादीत नसतोच. तो घरचा, कधीही जाता येईल असा. जे जातात त्यांतले बरेचसे पनवेलहून ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग धरून थेट चिपळूण-कणकवली गाठतात आणि समुद्र बघायला म्हणून मधेच एखाद्या गावात उतरून परत वर चढतात. त्या महामार्गाबद्दल इथे काही नाही. परीक्षण आहे ते रेवस-रेडी सागरी मार्गाचं आणि त्याहून जास्त त्यात आडव्या येणाऱ्या चार खाड्यांवरच्या जंगलजेटीचं, म्हणजे गाड्या खाडीपलीकडे नेणाऱ्या बोटीचं. मोटरसायकलने कोकण करण्यातली खरी मजा तिथे आहे आणि गाडी आडवी होण्याची खरी भीतीही तिथेच.

कागदावर हा ४ क्रमांकाचा प्रमुख राज्य महामार्ग आहे. 'महामार्ग' हा शब्द मनावर घेऊ नये. बऱ्याच ठिकाणी तो एका एसटीच्या रुंदीचा असतो, दोन्ही बाजूंना जांभ्या चिऱ्याचे गडगे, त्यांच्या आत पोफळी, आणि समोरून एसटी आलीच तर कुणीतरी मागे जायचं, ते कुणी हे आधीच ठरलेलं. चहापाण्याचे थांबे न धरताही ताशी तीस किलोमीटरची सरासरी पडली तर चांगली चाल समजावी. मांडव्यापासून रेडीपर्यंत पाच दिवस हे किमान. चार दिवसांत केलं तर शेवटचा दिवस नुसता हँडल धरून बसण्यात जातो.

मुंबईहून निघणाऱ्यांनी पनवेल-वडखळ करत बसू नये. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे, तासाभरात गाडीसकट पलीकडे सोडते. मांडव्याहून अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड हा भाग सोपा, पण शनिवार-रविवारी मोटारींनी भरलेला. शुक्रवारी दुपारी किंवा सोमवारी सकाळी हाच रस्ता दुप्पट आवडतो.

आता जंगलजेटी. पहिली मुरूडच्या पुढे आगरदांडा ते दिघी, राजपुरी खाडीवर. दुसरी हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून वेसवीला, बाणकोट खाडीवर, म्हणजे सावित्रीच्या मुखाशी. तिसरी दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठीवर. चौथी तवसाळ ते जयगड, शास्त्री नदीच्या खाडीवर. पाण्यावरचा वेळ दहा ते वीस मिनिटं. नुसत्या दाभोळच्या फेरीने किती वाचतं ते पाहा: ती नसेल तर दापोली, चिपळूण, गुहागर असा शंभर किलोमीटरच्या वरचा वळसा, त्यातही घाट. दुचाकीचं भाडं या वळशाच्या पेट्रोलपुढे किरकोळ आहे. मागे बसणाऱ्याचं तिकीट वेगळं लागतं. सुटे पैसे वरच्या खिशात ठेवावेत, कारण रेंज जाते आणि मोबाईलवरून पैसे जातीलच याचा भरवसा नाही.

बोट सपाट तळाची असते. तोंडाशी लोखंडी फाळका, तो धक्क्याच्या उतारावर टेकवतात आणि गाड्या आत घेतात. गाडी घसरते ती याच जागेवर, आणि का घसरते हे समजून घेतलं तर नव्वद टक्के काळजी मिटते.

धक्क्याचा उतार काँक्रीटचा असतो. भरतीला पाणी वर असतं, बोट उताराच्या वरच्या, रोज उन्हात वाळणाऱ्या भागाला टेकते. ओहोटीला बोट खाली जाते आणि गाडी उताराच्या खालच्या भागावरून न्यावी लागते, जो दिवसातले कितीतरी तास पाण्याखाली असतो. तिथे हिरवं शेवाळ आणि वर गाळाचा पातळ थर. त्यात पुढचा ब्रेक दाबला की चाक जागच्या जागी सुटतं, गाडी वाचवायला वेळच मिळत नाही.

म्हणून फेरीची वेळ भरती बघून ठरवावी. ॲप नसेल तर कोकणातला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. भरतीच्या आधी आणि नंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्ध्यापाऊण तासाची चूक धरून चालावं. यातून एक गोष्ट निघते जी सहलीच्या तारखा ठरवताना फारसं कुणी बघत नाही. पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची भरती भर दुपारी, अकरा-बाराच्या पुढेमागे येते, आणि सगळ्यांत खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. नेमक्या त्याच वेळी लोक 'पहिली बोट पकडू' किंवा 'अंधार पडायच्या आत पलीकडे जाऊ' म्हणून धक्क्यावर हजर असतात. पौर्णिमेच्या दिवशी दुपारची फेरी घ्यावी, सकाळ रस्त्यावर घालवावी. अष्टमीच्या आसपास भांग असतं, पाण्याची चढउतार थोडी, कुठलीही वेळ चालते. ही चढउतार उत्तरेकडे जास्त आणि दक्षिणेकडे उतरत जावं तशी कमी, त्यामुळे आगरदांड्याला जेवढं जपायचं तेवढं जयगडला लागत नाही.

चढवताना मागच्या माणसाला उताराच्या माथ्यावरच उतरवावं, त्याने चालत जावं. पहिला गिअर, क्लच अर्धा, वेग चालत्या माणसाचा, ब्रेक फक्त मागचा आणि तोही हलका. फाळक्याची लोखंडी कड काटकोनात ओलांडायची. तिरकी घेतली की पुढचं चाक कडेकडेने सरकतं. फाळक्यावर मधेच थांबू नये, कारण पाय टेकवायला तिथे धड जागा नसते. पुढची मोटार पूर्ण आत जाऊन थांबेपर्यंत वर सपाटीवरच उभं राहावं, मागून कितीही हॉर्न वाजू देत.

आत गेल्यावर खलाशी सांगेल तिथे गाडी लावायची. कधी मोटारींच्या फटीत, कधी कठड्याला चिकटून. उलटी लावायला सांगितली तर इंजिन बंद करून ढकलत मागे घ्यावी लागते. १९५ किलोची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, वर दोन्ही बाजूंना बॅगा आणि पायाखाली डिझेल सांडलेला ओला पत्रा, हे एकट्याचं काम नाही. बिनधास्त हाक मारावी, खलाशी मदत करतात. सगळ्यांत रुंद जागा बॅगाच खातात. कडक पेट्यांपेक्षा मऊ बॅगा इथे बऱ्या.

उभी करताना साइड स्टँड, पहिला गिअर, हँडल डावीकडे पूर्ण वळवलेलं, आणि पुढच्या ब्रेकचा लिव्हर जाड रबराने किंवा पट्ट्याने मुठीला आवळलेला. मधला स्टँड टाळावा: दोन टोकांवर उभी असलेली गाडी बोट धक्क्याला ठोकर खाते तेव्हा पुढे सुटते. बाजूच्या मोटारीचा दरवाजा उघडेल एवढं अंतर राखावं. आणि गाडी सोडून वरच्या मजल्यावर फोटो काढायला जायचंच असेल तर धक्का जवळ येण्याआधी खाली यावं.

त्रुटी दोन. सुट्टीच्या दिवशी, विशेषतः नाताळ ते नववर्ष, मोटारींची रांग गावापर्यंत जाते. दुचाक्या फटीत मावतात म्हणून लवकर सुटतात, पण रांगेच्या पुढे जाताना अंगावर येणारी बोलणी ऐकायची तयारी हवी. दुसरी, वादळी हवेत फेऱ्या थांबतात. शेवटची फेरी किती वाजता, हे धक्क्यावर पोचून नाही, आधीच्या मुक्कामी विचारून निघावं. आणि हे सगळं किती वर्षं टिकेल कोण जाणे. या खाड्यांवर पूल बांधण्याची कामं रस्ते विकास महामंडळाने हातात घेतली आहेत. गावकऱ्यांची सोय होईल यात शंका नाही, पण जंगलजेटी बघायची असेल त्याने फार लांबवू नये.

रस्त्याचे उत्तम तुकडे तीन. पहिला दिवेआगर ते श्रीवर्धन, आरावी-शेखाडीवरून. समुद्र उजव्या हाताला आणि इतका जवळ की भरतीला तुषार व्हायझरवर येतात. श्रीवर्धनहून उलट येणाऱ्याला समुद्र गाडीच्या डाव्या, म्हणजे आपल्याच बाजूला मिळतो आणि थांबायला सोपं जातं; तरी दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी हट्ट धरून उलटं फिरू नये. दुसरा केळशी, आंजर्ले, हर्णै. तिसरा गणपतीपुळे ते रत्नागिरी, आरे-वारेवरून: चढावर एका वळणावर दोन्ही किनारे एकदम दिसतात आणि समोरचा माणूस तिथे मधोमध ब्रेक मारतो. त्या वळणाआधीच वेग उतरवावा. डोंगरमाथ्यावर वारा आडवा लागतो, हलकी गाडी हातभर सरकते.

तवसाळच्या धक्क्याकडे उतरणारा रस्ता आणि वेसवीनंतरचे चढ यांत कसोटी लागते. कोकणात प्रत्येक खाडीनंतर घाटी चढायची, पठारावर यायचं आणि पुढच्या खाडीला परत उतरायचं, हे चक्र दिवसातून चार-पाच वेळा. उतारावर वळणं आखूड, त्यात वर जांभ्याची बारीक लाल खडी पसरलेली. उतरताना दुसरा गिअर सोडू नये. ब्रेकची डिस्क तापून लिव्हर मऊ लागायला लागला तर पाच मिनिटं थांबलेलं बरं.

रत्नागिरीच्या दक्षिणेला बोट नाही, सगळीकडे पूल. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर असं उतरत जावं. विजयदुर्गासाठी पडेलहून आत वळायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. देवगड-कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण हा टप्पा रमतगमत एका दिवसाचा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मालवणहून तारकर्ली, देवबाग करत 'असंच पुढे वेंगुर्ल्याला' जायचं ठरवणं. देवबाग ही समुद्र आणि कर्ली खाडी यांच्यामधली वाळूची जीभ आहे, रस्ता तिथेच संपतो. मागे येऊन नेरूरपारच्या पुलावरून पलीकडे जावं लागतं.

गाडी कोणती, हा प्रश्न दर वेळी येतो. १२५ ते २०० सीसीची, हलकी, सीटवर बसून दोन्ही पाय पूर्ण टेकतील अशी कुठलीही. मोठ्या साहसी गाड्यांचा इथे उपयोग थोडा आणि अडचण जास्त. त्या ज्या वेगासाठी बनल्या तो वेग या रस्त्यावर येतच नाही. ट्यूबलेस टायर असतील तर पंक्चरचं किट, पाच-सहा पट्ट्या आणि पंप. तारांची चाकं आणि ट्यूब असेल तर पुढची-मागची एकेक ट्यूब आणि टायर उचकटायचे दोन लिव्हर बरोबर हवेतच, कारण श्रीवर्धन ते दापोलीच्या मधे पंक्चरवाला शोधण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो. पेट्रोल अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला इथे भरत जावं. टाकी अर्धी झाली की भरायची, 'पुढे बघू' नको.

पुळणीवर गाडी घालू नये. ओली पुळण टणक दिसते, पण गाडी थांबली की स्टँड आधी रुततो, मग मागचं चाक फिरत खड्डा करतं, आणि भरती चढत असते. चुकून गेलीच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावी. दाबाचा फवारा बेअरिंगवर आणि वायरींच्या जोडांवर मारू नये, खारं पाणी त्यानेच आत जातं. ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना आणि साइड स्टँडची खुंटी सगळ्यांत आधी गंजतात.

चेन इथे देशावरच्या दुप्पट देखभाल मागते. खारा वारा आणि लाल धूळ मिळून घासण्याचा लेपच तयार होतो. रोज रात्री चेन गरम असताना फडक्याने पुसून ९० नंबरच्या गिअर ऑइलचे थेंब आतल्या बाजूने, रोलरच्या दोन्ही कडांना द्यावेत, पाच मिनिटांनी जादा तेल टिपून घ्यावं. ओ-रिंगवाली, म्हणजे सांध्यांत रबरी कड्या असलेली चेन पेट्रोलने कधी धुऊ नये, रबर फुगतं, रॉकेल चालतं. पावसात निघालात तर दिवसातून दोनदा.

हंगाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. गणपतीत आणि शिमग्यात रस्ते चाकरमान्यांचे असतात; शिमग्यात पालखी रस्त्याने येत असेल तर इंजिन बंद करून बाजूला उभं राहावं. जेवणाचं मात्र आधी सांगून ठेवायचं. लहान गावातल्या घरगुती खानावळीत मासे माणसं मोजून आणतात, दोन वाजता अचानक पोचलेल्याला डाळभात मिळतो.

रेडीच्या पुढे तेरेखोलच्या किल्ल्याखाली आणखी एक बोट आहे, पलीकडे गोव्यातल्या केरीला जाणारी. ती गोवा सरकारची, आणि तिथेही ओहोटीचा उतार तितकाच निसरडा.