‘रॅकून-प्रूफ’ खुराडं घेताय? पैसे भरण्याआधी जाळीची तार मोजा

तयार खुराडं ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. रॅकून म्हणजे रात्री कोंबड्या पळवणारा, हातासारखे पंजे असलेला मूळचा उत्तर अमेरिकेतला प्राणी. जाहिरातीत ‘रॅकून-प्रूफ, हेवी ड्यूटी स्टील जाळी, सेफ्टी लॉक’ असं ठळक अक्षरांत होतं आणि फोटोत चौकोनी घरांची जाड जाळी स्पष्ट दिसत होती. खोक्यातून निघाली ती षटकोनी चिकन मेश, मऊ लाकडाच्या चौकटीला स्टेपलच्या पिनांनी डकवलेली. दाराला एक साधी सरकती कडी, बस्स. कोंबड्या आत गेल्यावर तिसऱ्याच रात्री खालच्या कोपऱ्यातली जाळी उचकटली गेली. तक्रारीवर विक्रेत्याचं उत्तर आलं: प्राण्यांनी केलेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. प्राण्यांपासून वाचवायचं म्हणून जी वस्तू विकली, तिचीच ही अट. ती अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होती.

‘रॅकून-प्रूफ’ हा शब्द कुठल्याही मापाला बांधलेला नाही, म्हणून कोणीही तो कशावरही चिकटवतो. फसवणूक उघडी पडते ती मापांत.

सुरुवात जाळीपासून. चिकन मेशची तार नुसती पिळलेली असते, वेल्ड केलेली नसते. ती कोंबड्यांना आवारात ठेवण्यापुरतीच. रॅकून ती ओढून फाडतो, आणि फाटली नाही तरी घरांतून पंजा घालून जाळीला टेकून बसलेली कोंबडी धरतो. सकाळी जाळीलगत मुंडकं किंवा पाय तोडलेली कोंबडी सापडली, तर बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं. लागते ती वेल्डेड जाळी, अर्धा इंच घराची, 19 गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा). विकणारे नेमका या गेजमध्येच घोळ घालतात. आकडा वाढला की तार बारीक होते, आणि ‘23 गेज’ ऐकायला 19 पेक्षा भारी वाटतं. म्हणून जाडी मिलिमीटरमध्ये विचारा. 19 गेज म्हणजे साधारण 1 मिमी, 23 गेज म्हणजे साधारण 0.6 मिमी. माल आल्यावर व्हर्निअर कॅलिपर (बारीक जाडी मोजायचं साधन) लावून तार मोजा. रंग किंवा प्लास्टिकचा थर असेल तर तो आधी खरवडा, कारण जाडी बऱ्याचदा त्या थराचीच असते. घर मोजताना एकच घर मोजू नका. सलग दहा घरं मोजली की 127 मिमी भरायला हवीत. एक इंचाच्या घरातून वीझल (मुंगसासारखा दिसणारा बारीक शिकारी प्राणी) शिरतो, उंदरांची पिल्लं तर सहज.

जस्ताचा मुलामा वेल्डिंगच्या आधी दिलाय की नंतर, हेही नुसत्या डोळ्यांनी कळतं. जाळी उजेडात धरा आणि तारा जिथे एकमेकींवर येतात तो सांधा जवळून पाहा. मुलामा नंतरचा असेल तर सांध्यावर जस्त साचून गोलसर, भरलेलं दिसतं. आधीचा असेल तर तिथे काळपट जळका ठिपका असतो. गंज तिथूनच धरतो आणि पुढे तो सांधा अंगठ्याने दाबला तरी सुटतो.

जाळी चांगली निघाली तरी ती बसवलीय कशी, ते बघितल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. स्टेपलच्या पिना पक्कडीने धरून ओढा. सहज निघाल्या, तर रॅकूनलाही निघतील, कारण तो जाळीच्या मधे जोर लावत नाही, कडेला बोटं घालून सोलल्यासारखी ओढतो. उपाय असा: दर 10 ते 15 सेंटिमीटरवर रुंद वॉशर घालून स्क्रू मारा, नाहीतर जाळीची कड चौकट आणि लाकडी पट्टी यांच्यामध्ये दाबून पट्टीतून आरपार स्क्रू घ्या. दुसरी पद्धत जास्त टिकाऊ. हवेच्या झरोक्यांनाही हीच जाळी लावा आणि आवाराचं छत उघडं ठेवू नका, रॅकून उत्तम चढतो.

आता तथाकथित ‘सेफ्टी लॉक’. रॅकूनच्या पुढच्या पंजाला पाच लांब, अतिशय संवेदनशील बोटं असतात. 1907 साली संशोधक एच. बी. डेव्हिस यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रॅकूननी 13 पैकी 11 प्रकारच्या कड्या-खिट्ट्या उघडल्या होत्या. सरकती कडी, हूक, फिरवायची लाकडी खिट्टी यांची त्याच्यासमोर काय कथा! कडी-कोयंड्यात स्क्रूने बंद होणारा कॅराबिनर (गिर्यारोहक वापरतात तसली धातूची कडी) किंवा साधं कुलूप अडकवा. एका गोष्टीकडे मात्र जवळजवळ कोणाचंच लक्ष जात नाही: उंच दाराला मधोमध एकच कडी असली, की दाराचा खालचा कोपरा हाताने ओढल्यावर वाकतो आणि फट पडते. माल आल्याआल्या तो कोपरा ओढून पाहा. फट पडत असेल तर वर एक आणि खाली एक, अशा दोन कड्या हव्यात. वर-खाली सरकणारं स्वयंचलित दार असेल, तर ते बंद झाल्यावर खालून बोटांनी उचललं जातं का, तेही बघा.

बहुतेक तयार खुराड्यांना तळ नसतो, आणि जाहिरातीतला फोटो हिरवळीवर काढलेला असल्याने ते लक्षात येत नाही. कोल्हा आणि कुत्रा भिंतीच्या अगदी पायाशी उकरतात. चौकटीच्या खालच्या कडेला घट्ट बांधून तीच वेल्डेड जाळी बाहेरच्या बाजूला 60 सेंटिमीटरपर्यंत जमिनीवर आडवी पसरा, कोपऱ्यांत एकावर एक येऊ द्या, दर फुटावर खुंटी ठोका. गवत तिच्यातून वर येतं आणि ती जागची हलत नाही. उकरणाऱ्याला मागे सरकून दोन फुटांवरून सुरुवात करण्याचं सुचत नाही, म्हणून हे चालतं.

सोबत ‘संरक्षण किट’ म्हणून लुकलुकणारे लाल दिवे आणि अल्ट्रासोनिक यंत्र (माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं) गळ्यात मारतात. त्यावर एक पैसाही घालवू नका. रॅकून थोड्याच दिवसांत दिव्यांना सरावतो. अल्ट्रासोनिक यंत्रांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) 2001 मध्ये 60 हून अधिक उत्पादक आणि विक्रेत्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं, की परिणामाच्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा लागतो.

पैसे परत मागितल्यावर ठरलेला खेळ सुरू होतो. आधी ‘फोटो पाठवा’, मग ‘वेगळ्या कोनातून पाठवा’, मग 10-15 टक्के परताव्याची ऑफर, आणि ती घ्यायची तर तक्रार बंद करण्याची अट. तक्रार बंद केली की बहुतेक ठिकाणी ती पुन्हा उघडता येत नाही. दुसरा पर्याय म्हणून अख्खा माल मूळ खोक्यात भरून, स्वतःच्या खर्चाने परत पाठवायला सांगतात. सगळा डाव बँकेकडे दाद मागायची मुदत टळेपर्यंत तुम्हाला बोलण्यात गुंतवण्याचा असतो. म्हणून पैसे कार्डाने भरा, म्हणजे बँकेकडे दाद मागता येते; बँक ट्रान्सफरने नाही. भरण्याआधी तारेची जाडी, घराचं माप आणि तळ आहे की नाही, हे चॅटमध्ये लेखी विचारून घ्या. उत्तर टाळलं, तर तिथेच थांबा. जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा, कारण तक्रार गेल्यावर ते पान बदलतं. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, कॅलिपरचा आकडा त्यात दिसू द्या, आणि ‘जाहिरातीत वर्णन केलेली वस्तू मिळाली नाही’ या कारणाखाली बँकेकडे लगेच तक्रार करा. ‘खराब माल’ म्हणून केलीत, तर वाद वॉरंटीवर जातो, आणि तिथली अट वर सांगितलीच आहे.

हा वाद चालू असेपर्यंत त्या खुराड्यात कोंबड्या रात्रीच्या ठेवू नका. घट्ट दाराच्या खोलीत पेंढा पसरून ठेवा आणि बाहेरचं खाद्य अंधार पडण्याआधी उचला. एकदा कोंबडी मिळालेल्या जागी रॅकून परत येतो.