नाशिकच्या नामावळीत सापडलेला बसऱ्याचा शिपाई

आमच्या घरात पणजोबांच्या धाकट्या भावाविषयी एवढेच सांगितले जाई की, ते पलटणीत होते, बसऱ्याला, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले आणि परत आले नाहीत. ते मूळचे सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे. त्यांच्या मृत्यूची तिथी कोणालाच ठाऊक नसल्यामुळे त्यांचे पान सर्वपित्रीला वाढले जाते. त्यांचा शोध घेताना मी जी दोन-तीन साधने चाळली, त्यांपैकी नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळीविषयी तपशिलाने लिहावेसे वाटते, कारण तिच्याकडे आपण सहसा केवळ धार्मिक प्रथा म्हणून पाहतो आणि वंशशोधाचे साधन म्हणून फारसे पाहत नाही.

नामावळ म्हणजे यात्रेकरूंच्या कुळांची वही. यात्रेला आलेल्या यजमानाने आपले मूळ गाव, हल्लीचा मुक्काम, वडील, आजोबा, भाऊ, मुलगे आणि सोबत आलेली माणसे यांची नावे त्यात नोंदवायची आणि खाली सही करायची, अशी ही पद्धत आहे. वह्या आडनाव आणि मूळ गाव यांनुसार लावलेल्या असतात, त्यामुळे आज आपण कोठे राहतो हे सांगून काहीच उपयोग होत नाही. पूर्वजांचे गाव आणि तालुका नेमका सांगता आला पाहिजे. रामकुंडावर चौकशी केल्यावर आमच्या तालुक्याचे उपाध्याय कोण हे समजायला अर्धा तास लागला. वही सापडायला मात्र दोन फेऱ्या माराव्या लागल्या. पहिल्या फेरीत मी दोन पिढ्यांपूर्वी बदललेले आडनाव सांगत बसलो होतो, हा दोष सर्वस्वी माझा.

आमच्या कुळाची सर्वांत जुनी सापडलेली नोंद शके १८४२, रौद्रनाम संवत्सर, मार्गशीर्ष महिन्याची आहे, म्हणजे १९२० च्या अखेरची. ते वर्ष सिंहस्थाचे होते. लिपी मोडी. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो, त्यामुळे नुसती अक्षरओळख असलेल्या माझ्यासारख्याची फजिती होते. उपाध्यायांनी मात्र ती नोंद बोट न अडखळता वाचून दाखवली. 'अमुक बिन तमुक', म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, अशा रीतीने तीन पिढ्या, 'हल्ली मुक्काम परळ', आणि मग धाकट्या भावाच्या नावापुढे 'पलटणीत बसरे मुक्कामी मयत' एवढे चारच शब्द. शेवटी 'दस्तुर खुद्द', म्हणजे हे अक्षर पणजोबांचे स्वतःचे. ते निरक्षर होते असे आम्ही आजवर समजत होतो.

या चार शब्दांचे मोल कळण्यासाठी दुसऱ्या बाजूला काय आहे हे सांगायला हवे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. तेथील कूत या गावी तुर्की फौजेने या डिव्हिजनला घातलेला वेढा डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. त्या मोहिमेत मरण पावलेल्या आणि ज्यांची थडगी ज्ञात नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक उभारले गेले. ब्रिटिश सैनिक आणि हिंदी अधिकारी यांची नावे तेथे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा तेवढा दिला गेला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या एप्रिलमध्ये अशा भेदभावाची कबुली देणारा अहवाल प्रसिद्ध केला आणि माफीही मागितली. आयोगाच्या संकेतस्थळावर आता विनामूल्य नाव शोधता येते, पण इंग्रजांनी लिहिलेल्या स्पेलिंगांमुळे एकाच नावाचे अनेक शिपाई समोर येतात आणि त्यांतून आपला माणूस ओळखायला वडिलांचे नाव आणि गाव लागते. ते आम्हाला नामावळीने दिले. साताऱ्याकडील गावांत 'या गावातून महायुद्धास इतके इसम गेले, पैकी इतके कामी आले' असे सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या आढळतात. त्यांवरही आकडेच असतात.

आता उणिवा. नामावळीतली तारीख ही यात्रेची असते, जन्म-मृत्यूची नव्हे. त्यासाठी तहसील कार्यालयातले कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, पाहावे लागते, आणि परदेशी मेलेल्या शिपायाची नोंद तेथे मिळेल याचीही खात्री नसते. जे कुटुंब यात्रेला आलेच नाही किंवा ज्याला त्या काळी तीर्थावर मान नव्हता, त्याच्यासाठी ही वही मुकी आहे. सर्वांत खटकते ती स्त्रियांची अनुपस्थिती. सुना नुसत्या सासरच्या नावाने येतात, त्यांचे माहेर कळत नाही, आणि लेकी बहुतेक वेळा गाळलेल्याच असतात. बसऱ्याच्या शिपायाची बायको कोण होती, तिचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्यामुळे तसाच राहिला.

सेवेविषयी बोलायचे तर दर ठरलेला नाही, दक्षिणा ऐच्छिक आहे. विधी करण्याचा आग्रह सौम्यपणे झाला आणि नकार दिल्यावर तितक्याच सौम्यपणे थांबला. छायाचित्र फक्त आमच्या कुळाच्या पानाचे काढू दिले. शेजारच्या कुळाच्या मजकुरावर त्यांनी कोरा कागद झाकला, ते मला आवडले. वह्या मात्र साध्या लाकडी कपाटात कापडात बांधून ठेवलेल्या आहेत आणि आमच्या पानाच्या कडेला वाळवी लागून गेली आहे. जाणाऱ्याने फार दिवस थांबू नये.

निघण्यापूर्वी आमचीही नोंद झाली. उपाध्याय देवनागरीत, बॉलपेनने लिहीत होते. मुलाचे नाव लिहून झाल्यावर त्यांनी सही करायला वही माझ्याकडे सरकवली, तेव्हा मी मुलीचे आणि बहिणीचेही नाव घालायला सांगितले. त्यांनी क्षणभर वर पाहिले आणि मग समासात, जागा होती तेवढ्यात, दोन्ही नावे बारीक अक्षरांत लिहिली.