ईटी ४५ घ्यायचे की ईटी ३५?
गाडीचं स्टॉक (कंपनीचं) व्हील ८ इंच रुंद, ईटी ४५ असेल आणि तुम्ही साडेआठ इंच रुंद अलॉय बघताय तर ऐका. ईटी म्हणजे ऑफसेट, हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे ते; आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर येतं. ईटी ४५ च घेतलं तर रिम आत-बाहेर दोन्हीकडे साधारण ६ मिमी वाढतं, म्हणजे आत स्ट्रटजवळ (सस्पेन्शनचा उभा दांडा) किती जागा आहे ते बोट घालून बघाच. ईटी ३५ मध्ये आतली बाजू उलट ४ मिमी मोकळी होते पण बाहेर तब्बल १६ मिमी येतं, दिसतं भारी, पण पावसाळ्यात कुर्ल्याच्या खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की टायर फेंडरला (चाकावरच्या पत्र्याला) घासतो, माझ्या फेंडरच्या आतल्या लायनरला चकचकीत काळा पट्टा पडलाय. लोअर केलेली (उंची कमी केलेली) गाडी मुंबईत रोज चालवायची तर मी ४५ च घेईन. सेंटर बोअर (चाकाच्या मधलं भोक) हबपेक्षा मोठा असेल तर हब रिंग (ती फट भरणारी कडी) लावाच हां!