चंदेरी ग्रिलवरचे डाग: मेटॅलिक पावडर कोटिंगच्या एका कामाविषयी
दोन वर्षांपूर्वी माहीमच्या आमच्या घराच्या ग्रिल साकीनाक्याच्या एका कारखान्यातून चंदेरी मेटॅलिक छटेत पावडर कोटिंग (कोरडी रंगाची पूड फवारून भट्टीत भाजून बसवलेला थर) करून घेतल्या आणि जिन्याचा कठडा साध्या राखाडी छटेत. काम हाती आले तेव्हा नाव ठेवायला जागा नव्हती. थर सर्वत्र सारखा होता आणि वेल्डिंगच्या सांध्यांतही लोखंड उघडे राहिले नव्हते.

पहिले वर्ष सरता सरता बाथरूमची ग्रिल खालून काळवंडली, कारण फरशी धुण्याचे अ‍ॅसिड तिथे उडत असे. पुढे गवंड्याने खिडकीची डागडुजी केली तेव्हा ओल्या सिमेंटचे शिंतोडे वाळले आणि ते काढल्यावर खाली निस्तेज डाग दिसले. राखाडी कठड्यावर तेच सिमेंट सांडले होते, पण त्यावर खूणही राहिली नाही.

कारण रंगकणांत आहे. चंदेरी झळाळी अ‍ॅल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म, चपट्या कणांची असते, आणि हा धातू आम्ल व अल्कली या दोन्हींत विरघळतो. ओल्या सिमेंटचा पीएच 12 च्या वर असतो, म्हणजे ते तीव्र अल्कलीच असते. ‘लीफिंग’ पावडरमध्ये भट्टीत थर वितळताना हे कण पृष्ठभागावर येऊन पसरतात, त्यामुळे चमक आरशासारखी दिसते, पण त्यांच्यावर रेझिनचे, म्हणजे रंगकण धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकसारख्या घटकाचे, संरक्षण जवळजवळ उरत नाही. ‘नॉन-लीफिंग’ कण थराच्या आत राहतात, आणि त्यांना सिलिकाचे कवच असेल तर ते आणखी टिकतात. अभ्रकावर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप असलेले मोतिया रंगकण रसायनांना सहसा दाद देत नाहीत, मात्र त्यांची चमक धातूची नसते. तांबे-जस्ताच्या कणांची सोनेरी छटा समुद्राकाठी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारखान्याच्या हातात कसब आहे. माझी तक्रार एवढीच, की शेड कार्ड पुढे ठेवताना ग्रिल कुठे बसणार, हे त्यांनी एका शब्दाने विचारले नाही. तक्रारीनंतर मात्र त्यांनी जुना थर काढून नॉन-लीफिंग पावडर मारली, त्यावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, देऊन पुन्हा भट्टीत भाजले आणि पैसे फक्त क्लिअर कोटचे घेतले, हे मला रास्त वाटले. त्याआधी मी नमुन्याचा पत्रा मागून त्यावर ओल्या सिमेंटचा गोळा रात्रभर झाकून ठेवला होता. सकाळी तो पुसल्यावर चमक जशीच्या तशी होती, तेव्हाच ग्रिल पाठवल्या.