ऊस कुठे घालायचा: सहकारी कारखान्याला की खासगीला?

कारखाना ऊस पिकवणाऱ्यांच्या मालकीचा असावा की भांडवल घालणाऱ्याच्या, हा वाद ऊसपट्ट्यात नोंदीच्या वेळी, म्हणजे ऊस कोणत्या कारखान्याला द्यायचा हे ठरवताना, थेट बांधावर येतो. साखरेतला नफा उत्पादकाकडे राहावा म्हणून विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी कारखाना उभा केला, त्याचं गाळप 1950 मध्ये सुरू झालं. आज खासगी कारखान्याचा माणूसही नोंद घ्यायला त्याच गावात येतो.

किमान दर दोघांनाही सारखाच बांधलेला आहे. 2025-26 ची एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) 10.25 टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, टनाला 3,550 रुपये, आणि वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 34.60 रुपये. म्हणजे 11.25 टक्के उताऱ्याला 3,896. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि खरी मेख तिथेच आहे. ही वजावट सहसा कारखान्याच्या सरासरीने होते. तुमचा फड गेटजवळ असला, तरी लांबून आणलेल्या उसाचं भाडं तुमच्या बिलावरही पडतं. समजा एकाची वजावट 850 आणि दुसऱ्याची 1,000 आहे, तर 80 टनांना 12,000 रुपयांचा फरक पडला. म्हणून जाहीर केलेल्या दरावर जाऊ नका. मागच्या तीन हंगामांचा उतारा आणि वजावट दोन्ही विचारा. इथेनॉलकडे रस वळवला की उतारा कमी दिसतो, दर ठरवताना ती घट उताऱ्यात परत मिळवली का तेही पाहा.

सहकारीत शेअर घेतला की एक सभासद, एक मत. ऊस 20 टन असो वा 2,000. वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारता येतो, आणि कारखाना नफ्यात असेल तर अंतिम दरातून चार पैसे परत येतात. पण तोटा आणि कर्जही सभासदांच्याच माथी. टनामागे ठेवी कापल्या जातात, बँकेची उचल अडकली की बिलं रखडतात.

खासगीत मत नाही, पण निर्णय झटपट होतात. ऊस कमी असलेल्या वर्षी ते एफआरपीच्या वर दर देऊन ऊस ओढतात. ऊस उदंड झाला की हात आखडता घेतात. सहकारीतही बिगरसभासदाचा तोडणीचा नंबर मागेच लागतो. आडसाली (पावसाळ्यातली लागण) एप्रिलपर्यंत उभी राहिली तर वजन घटतं आणि खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून फुटणारं पुढचं पीकही, मार खातो.

आमचं मत असं: क्षेत्र दोन-तीन एकर असेल आणि जवळचा सहकारी कारखाना बिलं वेळेवर देत असेल, तर सभासद व्हा, तोडणीची खात्री जाहीर दरातल्या शंभर रुपयांपेक्षा मोलाची आहे. त्याची बिलं सलग दोन हंगाम थकली असतील तर खासगीकडे नोंद करा, मात्र नोंदीची पावती आणि लागणीची तारीख लेखी घ्या.

बिल 14 दिवसांत द्यावं लागतं, पुढे वार्षिक 15 टक्के व्याज. 2,40,000 रुपये मुदतीनंतर 60 दिवस थकले तर व्याज सुमारे 5,918 रुपये होतं. ते आपणहून क्वचितच जमा होतं. दोन्हीकडे साखर आयुक्तालयात लेखी अर्ज करूनच मागावं लागतं.